रिठा, मायसेल आणि मेम्ब्रेन: सांडपाण्यातल्या जड धातूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा आणि वागळे इस्टेटमधले प्लेटिंगवाले, ईटीपी (कारखान्याचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) ऑपरेटर, कॉलेजचे विद्यार्थी आणि खाडीकाठचे रहिवासी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. विषय एक पद्धत: रिठ्यासारख्या द्रव्याचे बारीक गोळे (मायसेल) पाण्यातला धातू धरतात आणि सूक्ष्म छिद्रांचा पडदा (मेम्ब्रेन) ते गोळे अडवतो. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे असेल तर तो क्रमांक दिलाय. घाईत असाल तर प्रश्न ४ आणि ९ आधी वाचा, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

१. जड धातू म्हणजे नेमके कोणते, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात ते येतात कुठून?

सांडपाण्याच्या बाबतीत बोलताना मुख्यतः क्रोमियम, निकेल, जस्त, तांबं, शिसं, कॅडमियम आणि पारा. आपल्याकडे सर्वांत जास्त चौकशी पहिल्या चारांची असते, कारण इलेक्ट्रोप्लेटिंग, गॅल्व्हनायझिंग, ॲनोडायझिंग, पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि पिकलिंगची (ॲसिडने धातू साफ करण्याची) कामं इथे भरपूर. शिसं बॅटरी आणि रंगद्रव्यांतून येतं. रासायनिक कारखान्यांत वापरून झालेल्या कॅटॅलिस्टमधूनही निकेल किंवा तांबं येतं, ते पटकन लक्षात येत नाही.

सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन संपवतात. धातू संपत नाही, फक्त जागा बदलतो. पाण्यातून काढला तर गाळात जातो, गाळ उघड्यावर टाकला तर पावसात पुन्हा नाल्यात, आणि नाला ठाणे खाडीत. खाडीच्या चिखलात तो साठून राहतो. या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केलंय आणि २०२२ पासून ती रामसर स्थळांच्या यादीत आहे, तेव्हा ऐरोलीच्या रहिवाशांनी हा प्रश्न विचारणं रास्तच आहे.

२. रिठ्याच्या पाण्याने धातू निघतो म्हणतात. खरं आहे का? नक्की होतं काय?

खरं आहे, पण एकट्या रिठ्याने नाही. रिठा धातूला धरून ठेवतो, गाळण्याचं काम मेम्ब्रेन करतं.

रिठ्यात सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूचा एक भाग पाण्यात रमतो, दुसरा पाण्यापासून पळतो. असे रेणू पाण्यात ठराविक मात्रेपेक्षा जास्त झाले की पळणारे भाग आत आणि पाणी आवडणारे भाग बाहेर असे गोळे बांधतात. या गोळ्याला मायसेल म्हणतात आणि त्या किमान मात्रेला सीएमसी. मायसेलच्या बाहेरच्या बाजूला ऋणभार असेल तर निकेल, जस्त, तांबं यांचे धनभारित आयन तिथे चिकटतात. सुटा आयन इतका बारीक असतो की अल्ट्राफिल्ट्रेशनच्या छिद्रातून सहज निसटतो. चाळणीतून पीठ खाली पडतं, पिठाचा गोळा वरच राहतो, तसं मायसेलला चिकटलेला धातू मेम्ब्रेनच्या अलीकडेच अडकतो. पलीकडे जातं ते परमिएट, अलीकडे उरतं ते रिजेक्ट.

ही कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात पुढे आली, तेव्हा वापरले होते कृत्रिम सर्फॅक्टंट (मायसेल बांधणारी साबणासारखी द्रव्यं). रिठा, जिवाणूंनी बनवलेलं रॅम्नोलिपिड, सर्फॅक्टिन हे त्यांचे नंतर आलेले नैसर्गिक पर्याय.

३. आमच्याकडे आरओ आहेच. मग हे कशाला?

आरओ नीट चालत असेल आणि पाणी तुम्ही पुन्हा वापरत असाल तर बहुतेक गरज नाही. आरओ धातू अडवतंच, पण त्याबरोबर सोडियम, क्लोराइड, सल्फेट असं सगळंच अडवतं. त्यामुळे दाब जास्त लागतो आणि रिजेक्टमध्ये क्षारांचा ढीग होतो. मायसेलवाल्या पद्धतीत साधारण १ ते ५ बार दाबावर काम होतं आणि साधे क्षार परमिएटमधून निघून जातात. तुम्हाला फक्त धातू हवा असेल, म्हणजे काढून टाकायचा असेल किंवा परत मिळवायचा असेल, तर फरक पडतो.

४. चुना आणि कॉस्टिक टाकून आमचा धातू खाली बसतो. ही नवी पद्धत लावली तर ते बंद करता येईल?

बंद करू नका. हे उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात, पण आमचं मत पक्कं आहे. धातू लिटरला पन्नास, शंभर, पाचशे मिलिग्रॅम असेल तेव्हा हायड्रॉक्साइड करून खाली बसवण्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. मायसेल आणि मेम्ब्रेनची जागा त्यानंतरची: बसवून झाल्यावर जे दोन-पाच मिलिग्रॅम विरघळलेले राहतात आणि रिपोर्टमध्ये नापास करतात, त्यांच्यासाठी.

ते का राहतात हेही बघा. प्रत्येक धातू खाली बसण्याचा पीएच वेगळा असतो. त्रिसंयुजी (तीन धनभारांचं) क्रोम साधारण ७.५ ते ८.५ ला उत्तम बसतं, जस्ताला ९ ते १० लागतो, निकेलला १० च्या आसपास. क्रोम आणि जस्त पीएच फार वाढवला तर पुन्हा विरघळतात. सगळं पाणी एकाच टाकीत घेऊन एकच पीएच धरला की कोणीतरी एक धातू सुटणारच. आमच्याकडे 'मेम्ब्रेन सुचवा' म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं काम नुसती क्रोमची आणि निकेलची लाइन वेगळी करून आणि पीएच मीटर कॅलिब्रेट करून भागतं. प्रोबवर गाळाचा थर चढलेला असतो, मीटर ९.२ दाखवतो आणि टाकीत प्रत्यक्ष ८ असतो.

आणखी एक: पुढे मायसेल पद्धत लावणार असाल तर आधीच्या पायरीत चुना टाळा. कारण प्रश्न १२ मध्ये.

५. दहा हजार लिटर पाण्याला किती सर्फॅक्टंट लागेल?

हिशोब करूनच बघू. निकेल ५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे असं धरा. निकेलचा अणुभार ५८.७, म्हणजे लिटरला सुमारे ०.८५ मिलिमोल. निकेलवर दोन धनभार, रॅम्नोलिपिडच्या रेणूवर एक ऋणभार, म्हणजे कागदावर दोनास एक (दोन रेणू, निकेलचा एक आयन) पुरेल. प्रत्यक्षात सगळे रेणू कामी येत नाहीत, म्हणून सुरुवात पाचास एकने करतात. रॅम्नोलिपिडचा रेणुभार सरासरी ५८० धरला तर ०.८५ × ५ × ५८० म्हणजे लिटरला जवळपास अडीच ग्रॅम. दहा हजार लिटरला २५ किलो, तेही रोज.

आता तेच निकेल आधी बसवून ५ मिलिग्रॅमवर आणलं असेल तर अडीच किलोत भागतं. प्रश्न ४ मध्ये आम्ही आग्रह का धरला ते या दोन आकड्यांत आहे. मात्र पाणी अगदीच पातळ असेल, समजा अर्धा मिलिग्रॅम, तर हिशोबाने येणारी मात्रा सीएमसीच्या खाली जाऊ शकते. मग मायसेल बनतच नाहीत आणि धातू थेट पार होतो. तेव्हा मात्रा धातूवरून नाही, सीएमसीवरून ठरवावी लागते.

६. रिठा, शिकेकाई, रॅम्नोलिपिड, सर्फॅक्टिन, लेसिथिन. यांतलं कोणतं घ्यावं?

रॅम्नोलिपिड स्यूडोमोनास जिवाणूंपासून मिळतं, सर्फॅक्टिन बॅसिलस सबटिलिसपासून. दोन्हींवर स्पष्ट ऋणभार असतो आणि सीएमसी कमी, लिटरला काही दहा ते शंभर-दोनशे मिलिग्रॅमच्या घरात. धातू धरण्यात दोन्ही चांगले, किमतीला दोन्ही जड.

रिठ्याचं सॅपोनिन बरेच जण बिनभाराचं मानतात. पण त्याच्या रेणूवर एक कार्बोक्सिलिक गट असतो. पाणी आम्लधर्मी असेल तर तो थंड पडून राहतो, पीएच ६ च्या वर गेला की ऋणभारित होतो आणि धातू धरतो. रिठ्याच्या पाण्याचा स्वतःचा पीएच साधारण ४.५ असतो, म्हणजे पीएच न सुधारता नुसतं ओतलं तर निकाल फिका येणारच. उलट पीएच ८ च्या पुढे नेला तर धातू हायड्रॉक्साइड होऊन बसायला लागतो आणि श्रेय रिठ्याला जातं. असे 'रिठ्याने ९९ टक्के' वाले निकाल आम्ही पाहिलेत. बिनरिठ्याचा एक जार शेजारी ठेवला की पितळ उघडं पडतं.

रिठ्याची सीएमसीही जास्त, लिटरला ग्रॅमच्या आसपास. त्याचा त्रास प्रश्न १३ मध्ये. शिकेकाई त्याच वर्गातली, पण तिच्या अर्कात रंग आणि टॅनिन जास्त येतं. लेसिथिनमध्ये धन आणि ऋण दोन्ही भार असल्याने एकट्याने फार काही हाती लागत नाही.

थोडक्यात, प्रयोगासाठी रिठा, रोजच्या पॉलिशिंगसाठी (पाण्याच्या शेवटच्या सफाईसाठी) परवडलं तर रॅम्नोलिपिड.

७. बाजारातून रिठा आणून आम्हीच अर्क काढला तर?

ट्रायलपुरतं चालेल. बिया काढून टाका, नुसतं टरफल वाळवून कुटा. कुटताना नाकातोंडाला फडकं आणि डोळ्यांना गॉगल हवाच, ती पूड उडाली की शिंका थांबत नाहीत आणि डोळे लाल होतात. रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळा.

अडचण पुढे येते. अर्कात सॅपोनिनबरोबर साखर आणि रंगही उतरतो. आपल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत कॅनमध्ये आंबट वास सुटतो आणि झाकण फुगतं. शिवाय जात, मोसम, किती जुना माल यावर सॅपोनिनचं प्रमाण बदलतं. मागच्या पोत्याच्या डोसवर नवं पोतं वापरलं की निकाल बदलतो. रोजच्या प्लांटला प्रमाण लिहिलेली तयार पूड बरी.

८. मेम्ब्रेन कोणतं घ्यायचं?

१०,००० डाल्टनच्या (किती मोठा रेणू अडतो त्याचं माप) आसपासचं अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेन ही सुरक्षित सुरुवात. सर्फॅक्टिनसाठी ५०,००० डाल्टनचंही चालतं, कारण त्याचे गोळे मोठे असतात. छिद्र जितकं मोठं तितका प्रवाह जास्त, पण मायसेल निसटण्याची भीतीही जास्त. पॉलिइथरसल्फोनचे हॉलो फायबर सहज मिळतात. पाणी गरम किंवा सॉल्व्हंटवालं असेल तर सिरॅमिक घ्या, महाग पडतं पण टिकतं.

पाणी मेम्ब्रेनवर उभं दाबू नका, पृष्ठभागावरून आडवं वाहतं ठेवा. नाहीतर मायसेलचा थर तिथेच बसतो. नव्या मेम्ब्रेनचा प्रवाह सुरुवातीला कमी होणं साहजिक आहे, त्यावर घाबरून दाब वाढवला की थर आणखी घट्ट होतो. आधी कार्ट्रिज फिल्टर आणि तेल असेल तर ऑइल ट्रॅप, हे सांगायलाच नको.

धुताना आधी कोमट पातळ कॉस्टिक, मग भरपूर पाणी, मग सायट्रिक ॲसिड. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरत असाल तर ते आणि ॲसिड एकापाठोपाठ कधीच घेऊ नका, मधे पूर्ण धुवा. क्लोरीन सुटतो आणि शेडमध्ये हेल्पर एकटा असतो.

९. निकेल, जस्त निघतं, पण क्रोम तसंच राहतं. रिठा बदलून पाहिला, मेम्ब्रेन बदलून पाहिलं. चुकतंय कुठे?

रिठा आणि मेम्ब्रेन दोन्ही बिचारे निर्दोष आहेत. क्रोम प्लेटिंगच्या पाण्यात क्रोम षट्संयुजी रूपात असतं, म्हणजे क्रोमेट किंवा डायक्रोमेट. तो ऋणभारित आयन आहे. मायसेलही ऋणभारित. दोघं एकमेकांना ढकलतात. हाताशी असलेले जवळपास सगळे नैसर्गिक सर्फॅक्टंट ऋणभारित किंवा बिनभाराचे आहेत, त्यामुळे ब्रँड बदलून हा प्रश्न सुटत नाही.

मार्ग जुनाच आहे. क्रोमची लाइन वेगळी घ्या, पीएच २ ते ३ वर आणा, सोडियम बायसल्फाइट टाका. पिवळं-केशरी पाणी हिरवट झालं की क्रोम त्रिसंयुजी झालं. मग पीएच ८ च्या आसपास नेऊन बसवा. उरलंसुरलं त्रिसंयुजी क्रोम धनभारित असतं, ते मायसेल धरतं. पीएच ४ ला बायसल्फाइट ओतत बसलात तर क्रिया इतकी मंद होते की माल वाया जातो.

झालं की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. डायफिनाइल कार्बाझाइडचे थेंब टाका, जांभळट गुलाबी रंग आला तर षट्संयुजी क्रोम अजून आहे. ही टेस्ट ऑपरेटरला दहा मिनिटांत शिकवता येते, आणि आमच्या मते बायसल्फाइटच्या टाकीशेजारी ती बाटली नसेल तर प्लांट अर्धवट आहे.

क्रोमेट थेट धरायचंच असेल तर धनभारित काहीतरी लागेल. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारं कायटोसान आम्लधर्मी पाण्यात धनभारित होतं आणि क्रोमेट धरतं. ते सर्फॅक्टंट नाही, पॉलिमर आहे, पण त्यावर अल्ट्राफिल्ट्रेशन तसंच चालतं.

१०. जस्त आणि तांब्याचे आमचे बाथ (प्लेटिंगची द्रावणं) सायनाइडचे आहेत. त्या पाण्यात रिठा टाकला तर?

टाकू नका. दोन कारणं आहेत, दुसरं जास्त महत्त्वाचं. पहिलं: सायनाइडमध्ये धातू ऋणभारित संयुग होऊन बसलेला असतो, मायसेल त्याला धरणार नाही. दुसरं: रिठ्याचा अर्क आम्लधर्मी आहे. सायनाइडच्या पाण्याचा पीएच खाली आला की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, तो प्राणघातक आहे.

आधी पीएच १० च्या वर ठेवून हायपोने सायनाइड पूर्ण मोडा, टेस्ट करून खात्री करा, मगच पुढचं काही. सायनाइडची आणि ॲसिडची लाइन एका गटारात मिळत असेल तर ही पानं वाचणं थांबवून आधी ते पाइप वेगळे करून घ्या.

११. इलेक्ट्रोलेस (विजेविना मुलामा देणाऱ्या) निकेलचं पाणी चुन्यानेही बसत नाही आणि मायसेलनेही निघत नाही. का?

त्या बाथमध्ये धातूला विरघळलेला ठेवण्यासाठी सायट्रेट, अमोनिया, ईडीटीए अशी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. त्यांनी निकेलला मिठी मारलेली असते. ईडीटीएसोबतचा निकेल तर एकूण ऋणभारितच असतो, म्हणजे प्रश्न ९ मधल्या क्रोमेटसारखंच. पीसीबीच्या अमोनियाकल एचिंगमधल्या तांब्यालाही अमोनियाने अशीच मिठी मारलेली असते, पाणी गडद निळं दिसतं तेव्हा समजा.

आधी ती मिठी सोडवावी लागते. सल्फाइड किंवा डायथायोकार्बामेट वर्गातलं प्रेसिपिटंट, किंवा फेंटनसारखं ऑक्सिडेशन करून. सगळ्यांत सोपा उपाय मात्र हा, की संपलेला बाथ ईटीपीत सोडायचाच नाही, ड्रममध्ये वेगळा साठवून अधिकृत सुविधेकडे पाठवायचा. दोनशे लिटरचा एक संपलेला बाथ महिनाभराचं रिन्सचं (धुण्याचं) पाणी बिघडवू शकतो.

१२. लॅबमध्ये उत्तम निकाल आला, प्लांटवर तोच डोस निम्मंही काम करत नाही.

लॅबमध्ये निकेल सल्फेट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवलं होतं ना? तिथे मायसेलच्या पृष्ठभागावर जागा मिळवायला निकेलला स्पर्धा नव्हती. प्लांटच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, दोघांवरही दोन धनभार. ते निकेलच्या जागा बळकावतात. क्षार जास्त असतील तर सोडियमही गर्दी करून मायसेलचा ऋणभार झाकून टाकतं.

म्हणून पाणी कुठलं आहे हे आम्ही आधी विचारतो. एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाचं, त्यात क्षार कमी. खाडीकाठचं बोअर किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर गणित बदलतं. त्याहून मोठा चोर घरातला असतो: आधीच्या पायरीत चुना टाकला असेल तर तुम्ही स्वतःच पाण्यात भरपूर कॅल्शियम सोडलेलं असतं. त्या पाण्यावर मायसेल पद्धत लावायची असेल तर धातू बसवायला कॉस्टिक वापरा. गाळ थोडा पिठूळ बसतो, सेटलिंगला वेळ लागतो, पॉलिइलेक्ट्रोलाइट (गाळाचे कण एकत्र बांधणारं द्रव्य) थोडं जास्त लागतं, पण पुढचं काम सोपं होतं.

बाकी कारणं नेहमीची. डिग्रीझिंगचं तेल मायसेलच्या पोटात जाऊन बसतं. पंपाच्या सक्शनला हवा लागली की फेस होतो आणि मेम्ब्रेनला पाणी कमी, हवा जास्त मिळते. रिठ्याची डोसिंग लाइन टाकीत वरून धार सोडत असेल तर ती पाण्याच्या पातळीखाली न्या. एवढ्याने फेस निम्मा कमी होतो.

१३. परमिएटमध्ये निकेल पास झालं, पण सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढून नापास झालो!

हा प्रश्न आला की समोरचा रिठा वापरतोय हे न विचारता कळतं. मायसेल मेम्ब्रेनला अडकतात, सुटे रेणू अडकत नाहीत. म्हणजे परमिएटमध्ये साधारण सीएमसीइतकं सर्फॅक्टंट जाणारच. रॅम्नोलिपिडची सीएमसी कमी, म्हणून गळती कमी. रिठ्याची जास्त, वर अर्कातली साखरही मेम्ब्रेनमधून सरळ पार होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बहुतेक संमतीपत्रांत सीओडीची मर्यादा २५० मिलिग्रॅम प्रति लिटर असते आणि रिठ्याचं परमिएट एकटंच ती ओलांडू शकतं.

उपाय: तुमच्याकडे जैविक विभाग असेल तर परमिएट तिकडे न्या, सॅपोनिन आणि साखर जिवाणू खातात. सुरुवातीला थोडंथोडं सोडा, नाहीतर एरेशन टँकवर फेस कठड्यावरून खाली उतरतो. जैविक विभाग नसलेल्या छोट्या प्लेटिंग युनिटने रिठ्याच्या वाटेला न जाणं बरं.

१४. रिठा नैसर्गिकच आहे. जास्तीचं पाणी नाल्यात सोडलं तर काय बिघडतं?

सॅपोनिन माशांना विषारी आहे, ते त्यांच्या कल्ल्यांवर परिणाम करतं. सॅपोनिन असलेल्या झाडपाल्याने मासे गुंगवून पकडण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती, ती याच गुणामुळे. झाडावर पिकतं म्हणून नाल्यात चालतं असं समजू नका.

१५. रिजेक्टचं काय करायचं?

दहा हजार लिटर पाण्यात निकेल ५ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ५० ग्रॅम. नऊ हजार लिटर परमिएट निघालं आणि त्यात ०.२५ मिलिग्रॅम राहिलं तर तिकडे गेलं सव्वादोन ग्रॅम. उरलेलं पावणेअठ्ठेचाळीस ग्रॅम निकेल एक हजार लिटर रिजेक्टमध्ये आहे, लिटरला सुमारे ४८ मिलिग्रॅम. म्हणजे तुम्ही जिथून निघालात तिथेच, फक्त पाणी दहापटीने कमी.

आता या थोड्या पाण्यातून धातू सोडवायचा. ॲसिड टाकून पीएच १ ते २ वर आणला की हायड्रोजन आयन धातूची जागा घेतात आणि धातू सुटा होतो. रॅम्नोलिपिडचा इथे एक फायदा आहे: त्या पीएचला ते स्वतःच खाली बसतं. ते वेगळं काढा, कॉस्टिकमध्ये विरघळवा आणि पुन्हा वापरा. सॅपोनिन तसं बसत नाही, मग ॲसिड टाकलेलं पाणी पुन्हा मेम्ब्रेनमधून काढायचं. आता मायसेल अलीकडे राहतात आणि धातू पलीकडे जातो. सुटलेला धातू नेहमीसारखा हायड्रॉक्साइड करून फिल्टर प्रेसवर घ्या.

तो गाळ घातक कचरा आहे. घातक आणि इतर कचरा नियम, २०१६ प्रमाणे तो ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही, आणि पाठवताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीचा नोंदपत्रक) भरावं लागतं. आपल्या भागातून तो तळोजा किंवा महापे इथल्या सामाईक सुविधेकडे जातो. रात्रीच्या टँकरवाल्याला देऊन मोकळं होणाऱ्यांनी २०१४ आठवावं. उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला.

१६. निकेलची मर्यादा किती? कोणी ३ सांगतं, कोणी ५.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण पाणी कुठे सोडता यावर आकडा बदलतो. पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार निकेल नदी-नाल्यात आणि सार्वजनिक गटारात ३, समुद्रकिनारी ५ मिलिग्रॅम प्रति लिटर. जस्त नदी-नाल्यात ५, बाकी दोन्हींकडे १५. षट्संयुजी क्रोम नदी-नाला, गटार, समुद्र या क्रमाने ०.१, २ आणि १. शिसं ०.१, १ आणि २. एकूण क्रोम सगळीकडे २, तांबं ३, पारा ०.०१.

पण इलेक्ट्रोप्लेटिंगसारख्या उद्योगांना वेगळी मानकं आहेत, आणि सीईटीपीचे (सामाईक ईटीपीचे) सभासद असाल तर तिथे पाणी घेण्याच्या अटी वेगळ्या. शेवटी चालतो तो तुमच्या संमतीपत्रातला आकडा. ते फाइलमधून काढून ईटीपीच्या भिंतीवर लावा. आणि हो, साधं पाणी मिसळून आकडा खाली आणणं म्हणजे शुद्धीकरण नव्हे, मीटरची नोंद पाहिली की ते कळतं.

१७. एकाच पाण्याचे दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे का?

सॅम्पल कसं घेतलं ते आधी बघा. एकूण धातूसाठी प्लास्टिकची स्वच्छ बाटली आणि नायट्रिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली. ॲसिड नसेल तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. षट्संयुजी क्रोमचं सॅम्पल मात्र बिनॲसिडचं, बर्फात, २४ तासांत टेस्ट. सर्फॅक्टंट वापरताय हे लॅबला सांगा, म्हणजे ते ॲसिड डायजेशन करूनच मशीनवर घेतील.

१८. गणपतीत माणसं गावी जातात, प्लांट आठ-दहा दिवस बंद असतो. मेम्ब्रेनचं काय?

वाळू देऊ नका. जाण्याआधी पूर्ण धुवा आणि एक टक्का सोडियम बायसल्फाइटच्या पाण्यात भरून व्हॉल्व्ह बंद करा. रिठ्याचं पाणी आत राहिलं तर परत आल्यावर बुरशीचा वास येईल आणि प्रवाह पूर्वीसारखा कधीच येणार नाही.

१९. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी फिल्टर पेपर वापरून हे दाखवता येईल का? आणि घरच्या पाण्याला रिठा चालेल का?

नाही आणि नाही. फिल्टर पेपरची छिद्रं मायक्रोमीटरमध्ये, मायसेल नॅनोमीटरमध्ये, सगळंच पार होईल. फिल्टर पेपरवर धातू अडकलेला दिसला तर तो हायड्रॉक्साइड आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये अल्ट्राफिल्ट्रेशनचा छोटा स्टर्ड सेल (तळाशी मेम्ब्रेन आणि आत ढवळणी असलेलं भांडं) असेल तर प्रयोग छान होतो, निकेलऐवजी तांबं घ्या, कमी घातक आणि रंगाने ओळखू येतं. पिण्याच्या पाण्यात रिठा घालण्याचा विचारही नको.

२०. एवढं वाचून आमच्या युनिटमध्ये करून बघायचंच आहे. सुरुवात कशी करू?

आधी आठवडाभर प्रत्येक लाइनचं वेगळं सॅम्पल घ्या: क्रोम, निकेल, जस्त, डिग्रीझिंग. एकत्र टाकीचं सॅम्पल काही सांगत नाही. धातू किती आहे याबरोबरच तो कोणत्या रूपात आहे, कॅल्शियम किती, एकूण क्षार किती हे विचारा.

मग कॉस्टिकने बसवलेलं वरचं नितळ पाणी घेऊन चार जार लावा. एकात काहीच नाही, तीनांत सर्फॅक्टंटच्या चढत्या मात्रा, चारही जारचा पीएच सारखा, ६.५ ते ७. अर्धा तास हलवा, मग चारही छोट्या मेम्ब्रेनमधून काढा. निकेलसाठी परमिएटच्या नमुन्यात थोडं अमोनिया आणि डायमिथाइल ग्लायऑक्झाइम टाका. गुलाबी-लाल रंग जितका फिका तितकं निकेल कमी. बिनसर्फॅक्टंटच्या जारचं परमिएटही फिकंच आलं, तर तुमचं निकेल विरघळलेलं नाही, न बसलेला बारीक गाळ आहे. मग रिठ्याची ऑर्डर थांबवा आणि सेटलिंग टँकसाठी सँड फिल्टरचं कोटेशन मागवा.